पालकाला आधार पालकाचा

मूल शाळेत यायलाच घाबरतं, गप्प गप्प राहतं, तेव्हा आपण "डॉक्टरांना दाखवा" एवढं सांगून मोकळे होतो. आईच्या मनात मात्र वेगळंच चालू असतं. लोक काय म्हणतील? माझंच काही चुकलं का? इथे तिला धीर देऊ शकते ती याच वाटेने गेलेली दुसरी आई.

ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच संस्थेत असे आधारगट चालतात. काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला तिथे 'शुभंकर' म्हणतात. किती छान शब्द!

शाळेनेही एवढं करावं, असं मला वाटतं. दोन्ही घरांना विचारूनच गाठ घालून द्यावी. वर्गात मुलाचं नाव निघता कामा नये. उपचार डॉक्टरांचेच. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर पालकांना जरूर द्या.