बोटीवरचा संसार आणि मैल्याची टाकी

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर आम्ही नवरा-बायको शिडाच्या बोटीवर राहतो म्हटलं, की पुण्यातल्या नातेवाइकांना सूर्यास्त दिसतो. मला टाक्या दिसतात. गोड्या पाण्याची भरायची, संडासाची रिकामी करायची. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून गोड्या पाण्यानं जेमतेम विसळायची. भांडणं बहुतेक नांगर टाकताना. ‘अजून साखळी सोड!’ हे प्रेमानं ओरडताच येत नाही.

इथल्या गोजेकच्या खाडीत मैलापाणी समुद्रात सोडायला बंदी आहे. ते पंपानं उपसून द्यायचं, बोटीच्या निळ्या कार्डावर नोंद करून घ्यायची. कटकट आहे, पण रास्त आहे. आपल्याकडं मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. तिथंही संडास असलेल्या प्रत्येक बोटीला असं कार्ड सक्तीचं करावं. मात्र आधी धक्क्यावर पंप बसवा. नाहीतर नुसत्या पावत्या फाटतील.