शूटिंगच्या गाडीवरचा चालक कोणाचा कामगार?

आपल्या वस्त्यांतील असंख्य तरुण स्टिअरिंगवर पोट भरतात. बेस्ट किंवा एसटीचा कायम चालक आणि गोरेगावच्या चित्रनगरीत व्हॅनिटी व्हॅन चालविणारा चालक, दोघांकडेही लायसन्स आरटीओचेच. पण पहिल्याला ठरलेली ड्युटी, रजा, भविष्य निर्वाह निधी; दुसऱ्याला बहुधा नुसती रोजाची हजेरी. गाडी थोडीच चालते, परंतु कलाकाराच्या आधी पोहोचायचे आणि पॅकअपनंतर निघायचे. ताटकळत थांबणे हेही कामच आहे, हे मालक मानत नाही.

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली विधेयक आणून कारखान्यातील आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याची वाट खुली केली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ४८ तासांची मर्यादा चालकांनाही दिली. ५ कामगार असले तरी तो लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक श्रमसंहितेने तो कायदा रद्द केला आणि अट १० कामगारांवर नेली. चार-सहा गाड्यांचा कंत्राटदार आता सहज सुटतो.

तरीही एक दार उघडे आहे. याच संहितेत, ठरलेल्या वेतनमर्यादेत, कंत्राटदारामार्फत आलेला कुशल-अकुशल माणूसही दृक्श्राव्य कामगार ठरू शकतो. त्याच्याशी लेखी करार बंधनकारक आहे. युनिटवर १० माणसे तर असतातच! तेव्हा चालकांनी संघटितपणे निर्मात्याकडेच करार मागावा आणि हजेरीचे तास रोज लिहून ठेवावेत. न्यायालयात तोंडी शब्द टिकत नाही, कागद टिकतो.