चव रश्शाची, जीव शार्कचा

ज्या सुपापायी दरवर्षी कोट्यवधी शार्क मारले जातात, त्या सुपात शार्कची चव नसतेच.

शार्कचे पर आधी वाळवतात, मग भिजवतात, कातडी सोलतात आणि तासन्‌तास शिजवतात. शेवटी हाती लागतात ते पिवळसर, अर्धपारदर्शक तंतू. त्यांना ना वास, ना चव. सुपाची सगळी लज्जत येते कोंबडीच्या आणि चीनमधल्या जिन्हुआच्या खारवलेल्या हॅमच्या रश्शातून. तंतूंचं काम दाताखाली किंचित कुरकुरायचं, एवढंच.

तरीही हाँगकाँगच्या लग्नाच्या मेजवानीत हे सूप मानाचं. ते नसलं तर यजमानाने हात आखडता घेतला, असं पाहुणे समजणार. लोक काय म्हणतील, ही धास्ती आपल्याला नवी नाही. आपणही पंगतीतल्या एखाद्या पदार्थावरून घरची ऐपत जोखतोच की.

पण या मानाची किंमत भर समुद्रात चुकवली जाते. शार्कच्या मांसाला भाव कमी आणि ते बोटीतली जागा अडवतं. म्हणून कित्येकदा नुसते पर कापून घेतात आणि जिवंत धड पाण्यात ढकलतात. पराविना शार्कला पोहता येत नाही. तो तळाशी जातो आणि तिथेच तडफडून मरतो. २००६ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज होता, की पराच्या व्यापारासाठी वर्षाला २.६ ते ७.३ कोटी शार्क मारले जातात. २०२१ मध्ये ‘नेचर’ने छापलेल्या संशोधनानुसार, खुल्या महासागरातल्या शार्क आणि पाकट यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली आहे. शार्क उशिरा वयात येतो, पिल्लं मोजकीच देतो. एवढी तूट भरून यायची कशी?

उत्तर हाँगकाँगच्याच रस्त्यावर, वाफाळत्या वाडग्यात मिळतं. ‘वून-झाय-ची’, म्हणजे छोट्या वाडग्यातले पर. नावात पर आहेत, वाडग्यात नाहीत. मोठ्या हॉटेलांत उरलेला पराचा चुरा घालून टेम्पल स्ट्रीटचे फेरीवाले गरिबांसाठी हे सूप विकत, असं सांगतात. पुढे पराच्या जागी मुगाच्या काचेसारख्या शेवया आल्या आणि हे नकली सूपच लोकांचं लाडकं झालं.

घरी करायलाही ते सोपं आहे. कोंबडीचा रस्सा उकळत ठेवा. शाकाहारींनी सुक्या शिताके अळिंबीचं भिजवणीचं पाणी वापरावं आणि पुढची कोंबडी, अंडं वगळावं. त्यात अळिंबीचे बारीक काप आणि कोंबडीच्या शिजवलेल्या मांसाचे धागे घाला. रंगापुरता सोया सॉस टाका. भिजवलेल्या शेवया बोटभर कापून सोडा. मग पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर ओता. उपवासाचं शिंगाड्याचं पीठ घरात असेल, तर तेही चालेल. सूप चमच्याला धरू लागलं, की फेटलेलं अंडं बारीक धारेने सोडत हळूहळू ढवळा. वरून पांढरी मिरपूड, थेंबभर तिळाचं तेल आणि लाल व्हिनेगर. डोळे मिटून खा. काय कमी आहे, ते सांगा.

‘आमच्या परंपरेचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला चिनी माणसांनीच उत्तर दिलं आहे. बास्केटबॉलपटू याओ मिंग २००६ पासून या सुपाविरुद्ध जाहीरपणे बोलत आले. २०१३ मध्ये हाँगकाँग सरकारने आणि पाठोपाठ चीन सरकारने सरकारी मेजवान्यांतून हे सूप काढून टाकलं. रस्सा राहिला, वाडगा राहिला, आग्रह राहिला. फक्त शार्क सुटला.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर शिवडी आठवा. भारताने २०१५ मध्ये पराच्या निर्यातीवर बंदी घातली. तरीही २०१८ मध्ये शिवडी आणि गुजरातेतलं वेरावळ इथून मिळून सुमारे ८,००० किलो पर जप्त झाले. माल निघाला होता चीन-हाँगकाँगकडे. त्या वाडग्याची एक वाट मुंबईच्या गोदामातून जाते.

म्हणून ही कळकळीची विनंती. हाँगकाँगला, सिंगापूरला नोकरी-धंद्यानिमित्त राहणाऱ्यांनो, मेजवानीचं आमंत्रण आलं तर यजमानांना आधीच सांगा, ‘आम्हाला पराचं सूप नको.’ ऐनवेळी वाडगा परत करून त्यांना खजील करू नका. कंपनीची मेजवानी तुम्हीच ठरवत असाल, तर यादीतून ते नाव खोडा आणि नकली सूप मागवा. सहलीला जाणाऱ्यांनो, ‘वून-झाय-ची’ मागा. पण मोठ्या हॉटेलात पर खरे की खोटे, ते विचारून घ्या.

आणि कोकणातल्या माझ्या माणसांनो, मोरीच्या, म्हणजे मुशीच्या, म्हणजे शार्कच्याच मटणावर ताव मारणाऱ्या आपण दुसऱ्याला काय शिकवायचं, असं मनात येईल. यायलाच हवं. आपण अख्खी मुशी खातो, नुसते पर कापत नाही, हे खरं. पण बाजारात वीतभर पिल्लांचा वाटा मांडलेला दिसला, तर तो घेऊ नका. ‘ही वाढू द्यायची होती,’ एवढं मावशींना सांगा. गिऱ्हाईक परत गेलं, की ते बोटीवर कळतंच.

हाँगकाँगच्या फेरीवाल्याने मूठभर मुगाच्या शेवयांत शार्कची सुटका करून दाखवली. आपल्याला तर नुसतं ‘नको’ म्हणायचं आहे.