अठ्ठावीस दिवसांचा महिना

भ्रमणध्वनीचा नवा संच घ्यावयाचा आणि त्यासाठी कोणत्या कंपनीची सेवा पत्करावयाची, हा प्रश्न या पानावर चर्चेस यावा इतका गंभीर आहे काय, अशी शंका काही वाचकांस येईल. तथापि आज भाजीवाल्याच्या हातगाडीवर पैसे स्वीकारण्याचा कोड टांगलेला असतो. बँकेचा, गॅसच्या सिलिंडरचा, मुलांच्या प्रवेशअर्जाचा सांकेतिक क्रमांक मोबाइलवरच येतो. देशात मोबाइल जोडण्यांची संख्या शंभर कोटींच्या पलीकडे गेली आहे. अशा वस्तूची किंमत ही चैनीच्या वस्तूची किंमत राहत नाही. एकेकाळी मिठाच्या आणि रॉकेलच्या दराकडे आपण ज्या नजरेने पाहत होतो, त्याच नजरेने तिच्याकडे पाहावयास हवे.

ग्राहकाने चार दुकाने हिंडावीत, दर विचारावेत आणि स्वस्त तेथे खरेदी करावी, म्हणजे बाजारभाव आपोआप ताळ्यावर राहतात, असे आपण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवतो. जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली यात एक महत्त्वाची भर घातली. दर शोधून काढण्यालाही खर्च येतो, आणि तो जितका अधिक तितकी एकाच वस्तूच्या किमतींतील तफावत टिकून राहते, असे त्यांनी दाखवून दिले. आज मोबाइल सेवेच्या दरांची माहिती दुर्मिळ नाही. नियामक प्राधिकरणाने २०१८ साली दरांच्या तुलनेसाठी संकेतस्थळही उघडले. तुटवडा आहे तो तुलनायोग्य माहितीचा. एक योजना २८ दिवसांची, दुसरी ५६, तिसरी ८४. एकीत रोज दीड जीबी, दुसरीत महिन्याला दोन जीबी, तिसरीसोबत चित्रपट पाहण्याची सोय. वर्गात मी विद्यार्थ्यांना अशा योजनांचा दर दिवसाचा दर काढावयास सांगतो. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही कागद-पेन्सिल घ्यावी लागते. दुकानाच्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या मोलकरणीने हे गणित कसे करावे?

या गणितातील सर्वांत चतुर आकडा २८ हा आहे. महिना म्हणून विकल्या जाणाऱ्या या मुदतीमुळे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज करावे लागतात. पगार महिन्याचा, घरभाडे महिन्याचे, आणि फोनचा महिना मात्र दर वेळी दोन-तीन दिवस आधी संपणारा! तक्रारी फार झाल्या तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये प्राधिकरणाने प्रत्येक कंपनीने किमान एक योजना ३० दिवसांची आणि किमान एक दर महिन्याच्या ठराविक तारखेस नूतनीकरण होणारी ठेवावी, असा आदेश काढला. आदेशाचे पालन झाले. पण 'किमान एक' याचा अर्थ कंपन्यांनी एकच असा घेतला, तर त्यांना दोष कसा द्यावा? इतर योजनांचे २८ दिवस जागच्या जागी आहेत.

हे असे का होते, याचे उत्तर बाजाराच्या रचनेत आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी बोलून देशातील पहिला मोबाइल संवाद साधला, तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत होता आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ साली येणारे फोन निःशुल्क झाले. २००५ च्या डिसेंबरात ९९९ रुपयांत 'आजीवन' सेवा देऊ करणाऱ्या योजना आल्या. २००९ साली सेकंदाला एक पैसा हा दर आला. त्या सुमारास एकेका परिमंडळात दहा-बारा कंपन्या होत्या, आणि ग्राहक खरोखरच राजा होता. पुढे २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने फुकट सेवेचा सपाटा लावला. आणि दोन-तीन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटा आणि टेलिनॉर यांचे मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये विलीन झाले, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. फुकट वाटपाच्या त्या दिवसांत आपण सारेच खूश होतो. त्या आनंदाची किंमत पुढे चुकवावी लागेल, असे बजावणारे आवाज तेव्हा कोणी ऐकले नाहीत.

आता खाजगी क्षेत्रात तीनच कंपन्या उरल्या आहेत. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ या तिन्ही दरवाढींत त्या एकामागून एक, दिवसांच्या अंतराने, जवळपास सारख्या प्रमाणात दर वाढवीत गेल्या; २०२४ साली तर अवघ्या दोन दिवसांत तिघींच्या घोषणा झाल्या. यात संगनमत असेलच असे नाही. अल्पाधिकाराच्या बाजारात संगनमताची गरजच उरत नाही. एकाने पाऊल टाकावे, दुसऱ्याने ते ओळखावे, एवढे पुरे.

या वाढीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला फक्त फोन घ्यावयाचा असतो, क्वचित करावयाचा असतो, त्याच्यासाठी एअरटेलने २०१८ च्या अखेरीस २८ दिवसांना ३५ रुपयांची किमान अट घातली. २०२१ साली ती आधी ७९ आणि मग ९९ रुपये झाली. जुलै २०२४ पासून १९९. सहा वर्षांच्या आत साडेपाच पटींहून अधिक! गावी एकट्या राहणाऱ्या आईचा फोन मुंबईतील मुलाने 'चालू ठेवणे' म्हणजे आता वर्षाला तेरा गुणिले १९९, अर्थात २,५८७ रुपये.

डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने केवळ बोलणे आणि संदेश यांसाठी वेगळी योजना ठेवणे बंधनकारक केले. निर्णय स्वागतार्ह होता. मात्र अशा योजनेची मुदत किती लहान असावी हे त्यात ठरविले नव्हते. ३६५ दिवसांपर्यंतची मुभा मात्र दिली होती. परिणामी २०२५ च्या आरंभी एअरटेलने आणलेल्या योजना ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १,८४९ रुपये अशा होत्या. दिवसाचा हिशेब केला तर वर्षाचे पैसे एकरकमी देणारा रोज पाच रुपये देतो, आणि २८ दिवसांचे १९९ देणारा सात रुपये. दुसऱ्यास थोडा डेटा मिळतो हे खरे. पण ज्याचा संच साधा बटणांचा आहे, त्याने तो डेटा काय करावा? ज्याच्यापाशी रोख रक्कम आहे त्याला स्वस्त आणि ज्याच्यापाशी नाही त्याला महाग, हा न्याय आपण सुट्या चहापत्तीच्या पुड्यांत पूर्वीपासून पाहत आलो आहोत. शिवाय वर्षाचे पैसे आगाऊ भरणाऱ्याची दुसरीच अडचण. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. पण कंपनी बदलली की उरलेली मुदत मागेच राहते. म्हणजे करारपत्रावर सही न करताही तो वर्षभर बांधला गेला.

संचाच्या बाबतीतही हीच कथा थोड्या निराळ्या वेषात दिसते. अमेरिकेत दोन वर्षांच्या करारावर स्वस्त संच देण्याची प्रथा दीर्घकाळ होती. आपल्याकडे बहुतेक सारे ग्राहक आगाऊ पैसे भरणारे असल्याने ती रुजली नाही, आणि ते बरेच झाले. परंतु जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आलेला जिओ भारत हा संच त्याच कंपनीचे सिमकार्ड स्वीकारतो. दुसऱ्या टोकाला, फाइव्ह-जीचा महागडा संच घेणाऱ्यास २०२४ च्या दरवाढीनंतर अमर्याद फाइव्ह-जी हवे तर रोज दोन जीबी वा अधिकची योजना घेणे भाग पडले. संच आणि सेवा या दोन स्वतंत्र खरेद्या आहेत, ही समजूत म्हणून फारशी खरी नाही. 'बिनव्याजी हप्ता' हा प्रकारही तपासून घ्यावा. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, अशा अर्थाचे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये काढले होते; रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट हप्तेवाल्यास बहुधा नाकारली जाते, तेथेच ते व्याज दडलेले असते.

कंपन्यांची बाजू पूर्णतः खोटी नाही. जगाच्या तुलनेत आपले दर आजही कमी आहेत. ध्वनिलहरींच्या लिलावांत त्यांनी प्रचंड रकमा मोजल्या. २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जुन्या महसूल-वाट्याची थकबाकी त्यांच्या माथी आली. तोट्यातील कंपनी मनोरे उभारू शकत नाही हेही मान्य. माझा आक्षेप दर वाढण्यास नाही. तो वाढ कोठे होते यास आहे: सर्वांत खालच्या पायरीवर ती सर्वांत तीव्र आहे, आणि तुलना अवघड करून ती पचविली जाते.

उपाय फार खर्चिक नाहीत. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅमामागे किती पैसे पडतात हे आता छापावे लागते. मग रिचार्जवर दिवसामागे किती पडतात हे छापावयास काय हरकत आहे? फसवणूक झालीच तर ग्राहक मंचाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण दोनशे रुपयांसाठी मंचाची पायरी कोण चढणार? म्हणूनच नियम आधी असावयास हवेत.

येथे सरकारची स्थिती विलक्षण आहे. परवाने तेच देते, थकबाकी तेच वसूल करते, आणि त्या थकबाकीचे भागांत रूपांतर करून २०२५ साली ते व्होडाफोन आयडियाच्या जवळजवळ ४९ टक्क्यांचे मालक झाले आहे. भारत संचार निगम तर पूर्णपणे त्याचेच. जुलै २०२४ नंतर लक्षावधी ग्राहक निगमाकडे वळले, तेव्हा त्यांना देण्यास निगमापाशी देशभर फोर-जीदेखील नव्हते. स्वदेशी फोर-जीचे उद्घाटन झाले २७ सप्टेंबर २०२५ रोजी, खाजगी कंपन्या फाइव्ह-जी विकू लागल्यानंतर तीन वर्षांनी. चार स्पर्धकांपैकी दोघांत जनतेचा पैसा अडकलेला असताना, निदान त्या दोघांनी तरी पूर्ण महिन्याचे, केवळ बोलण्याचे, शंभर रुपयांच्या आतील रिचार्ज कायम ठेवावे, अशी अट अर्थखात्याने घालावी.