मस्तकास सावली हवी, तशी हवाही हवी

उन्हाळी कांदा काढून चाळीत भरण्याचे काम आपल्या इकडे मार्चअखेरीपासून मे महिन्यापर्यंत चालते. ज्याने चाळ नीट बांधली आहे त्या शेतकऱ्यास तिच्यातील हवेच्या वाटेचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, त्यास फटी, बाजूंस फटी, वर उतरते छप्पर आणि उष्ण हवेस बाहेर जाण्यास मार्ग, इतकी तजवीज असल्यावाचून कांदा टिकत नाही, हे आपण सर्व जाणतो. त्यासाठी आपण खर्च करतो आणि अनुदानासाठी खेपाही घालतो. परंतु तोच कांदा भर उन्हात उपटणाऱ्या, कापणाऱ्या व वेचणाऱ्या माणसांच्या डोक्यावर काय असते? पुरुषाच्या डोक्यावर घामाने चिंब झालेली टोपी किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल, आणि स्त्रीच्या डोक्यावर पदर किंवा रुमाल. कांद्यास जी हवा आपण देतो ती कांदा काढणाऱ्याच्या मस्तकास देत नाही. ही विसंगती दूर करणारी एक अगदी सोपी योजना वाचकांपुढे मांडावी व ती अंमलात आणणे हे शेतमालकाचेच काम आहे असे सांगावे, हा या लेखाचा हेतू होय.

प्रथम शरीराच्या उष्णतेचा विचार करू. निरोगी मनुष्याच्या शरीराचे आतील उष्णतामान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते. उन्हाळ्यातील भर दुपारी निरभ्र आकाशातून जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट इतकी उष्णता पडते. बाहेरील हवा कातडीपेक्षा उष्ण झाली म्हणजे शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो आणि तो म्हणजे घामाची वाफ होणे. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण येथे एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. घाम नुसता आल्याने शरीर निवत नाही. त्याची वाफ झाली तरच ते निवते. माठातील पाणी गार होते ते माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते म्हणून. तोच माठ प्लॅस्टिकच्या कागदाने गुंडाळून ठेवला, तर त्यातले पाणी कोमटच राहील. घट्ट टोपीखालील मस्तकाची अवस्था गुंडाळलेल्या माठासारखी असते. टोपीखालची थोडीशी हवा काही क्षणांत वाफेने भरून जाते, पुढे घाम उडत नाही, तो कपाळावरून ओघळून डोळ्यांत उतरतो. शरीरातील पाणी जाते ते जातेच, आणि गारवाही मिळत नाही.

बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ टोप्यांना दोन्ही बाजूंस पितळी कडी बसवलेली बारीक भोके असतात. त्यांनी हवा खेळते अशी खरेदी करणाऱ्याची समजूत असते. परंतु भट्टीचे दार बंद करून केवळ धुराडे उघडे ठेवले तर ओढ लागत नाही, हे गुऱ्हाळ चालविणारा कोणीही सांगेल. हवा बाहेर जावयाची तर ती खालून आत आली पाहिजे. आणि टोपीचा पट्टा तर कपाळास चहूबाजूंनी चिकटलेला असतो. म्हणून खरी सुधारणा करावयाची ती भोकांत नव्हे, पट्ट्यात. टोपी मस्तकावर न बसवता मस्तकापासून थोडी वर उचलून धरणे, हेच या योजनेचे सार आहे.

ही कल्पना नवीन नाही. भातशेती करणाऱ्या देशांतील कुणब्यांनी ती फार पूर्वीच ओळखली होती. जपानातील शेतकऱ्यांच्या गवती व बांबूच्या टोपल्यासारख्या टोपीस आतून एक लहान कडे बांधलेले असते. मस्तकावर बसते ते हे कडे. टोपी त्याच्यावर अधांतरी राहते व भोवतालून वारा वाहतो. या कड्यास तेथे ‘गोतोकु’ म्हणतात, आणि निखाऱ्यांवर किटली धरणाऱ्या तिवईचे नावही तेच आहे. आपल्या देशात आसामची बांबू व पानांची ‘जापी’ आणि केरळातील शेतकऱ्यांची माडवर्गीय झाडाच्या पानांची टोपी याच जातीच्या आहेत. कोकणात भातलावणीच्या वेळी डोक्यापाठीवर घेतले जाणारे इरले पावसासाठी असले, तरी त्याची घडणही आपल्या बुरुडाच्या हातची आहे.

इंग्रजांच्या अमदानीतील सोला टोपीचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. शोला या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीच्या हलक्या, पांढऱ्या गाभ्यापासून ती करीत. आतील पट्टा व टोपीची भिंत यांच्यामध्ये बुचाचे किंवा तशाच वस्तूचे लहान तुकडे बसवून हवेस फट ठेवीत, आणि माथ्यावर भोक ठेवून त्यावर छोटे झाकण बसवीत. हिंदुस्थानात चाकरी केलेले शस्त्रवैद्य ज्युलियस जेफ्रीज यांनी १८५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात येथील गोऱ्या फौजेचा पोशाख व निवास यांचा आरोग्याच्या दृष्टीने तपशीलवार विचार केला होता. पुढे सूर्यप्रकाशातील काही विशेष किरणच गोऱ्या माणसाच्या मेंदूस बाधतात, असे एक मत पसरले. ते टिकले नाही. बाधा होते ती उष्णतेची, हेच खरे ठरले. राज्य गेले तशी सोला टोपीही गेली आणि सत्तेचे चिन्ह म्हणून ती जाण्यात दुःख मानण्याचे कारण नाही. परंतु साहेबाच्या मस्तकासाठी जी हवेची फट योजली गेली, ती उन्हात राबणाऱ्या मजुराच्या मस्तकापर्यंत कधी पोहोचलीच नाही, हे मात्र खेदाने नमूद केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांचे उथळ, माथ्याकडे निमुळते होत गेलेले टोपले विणून घ्यावे. त्याचा व्यास सुमारे दीड फूट असावा, म्हणजे मान व खांदे सावलीत येतात. वरून जुन्या धोतराचे किंवा मांजरपाटाचे पांढरे कापड बसवावे. पांढऱ्या रंगाने ऊन परतवले जाते. टोपल्याच्या आत मस्तकाच्या मापाचे कामटीचे कडे करावे व त्यावर मऊ सुती चिंधी गुंडाळावी. आपल्या स्त्रिया घागरीखाली जी चुंबळ ठेवतात तिचेच हे पातळ रूप समजावे. हे कडे टोपल्यास थेट न शिवता, सारख्या अंतरावर सहा तुकडे मध्ये घालून दोऱ्याने बांधावे. प्रत्येक तुकडा सुमारे एक इंच जाडीचा असावा. शेवरीचे वाळलेले लाकूड किंवा रबरी चपलेच्या जुन्या तळव्याचे एकावर एक ठेवलेले तुकडे या कामास उत्तम. टोपल्याच्या माथ्याशी दोन बोटे जातील एवढे भोक ठेवावे आणि त्यावर अर्धा इंच उंचीवर लहानशी चकती बांधावी. तिने ऊन अडते पण वाफ अडत नाही. हनुवटीखालून नाडी बांधली की वाऱ्याने टोपी उडण्याचे भय नाही. सर्व वजन पाव किलोच्या आत राहील असे पाहावे. ज्यांच्यापाशी गवताची तयार हॅट आहे त्यांनी तिच्या आतील पट्ट्यामागे तसेच सहा तुकडे शिवले, तरी निम्मे काम साधते.

यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप विदर्भातील वाचकांचा असेल. तेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी वारा हाच आगीसारखा असतो, मग त्यास डोक्याशी वाट करून देणे कितपत शहाणपणाचे? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. जाड, सैल मुंडासे बांधून कान झाकण्याची जुनी रीत मुळीच वेडेपणाची नाही. स्वस्थ बसलेल्या किंवा वाट चालणाऱ्या माणसास ती उपकारकच आहे. परंतु वाकून काम करणाऱ्यास घाम अधिक येतो, आणि कोरड्या वाऱ्यात त्या घामाची वाफ झपाट्याने होऊन मिळणारा गारवा वाऱ्याने आणलेल्या उष्णतेहून अधिक असतो. मात्र अंगात घाम येण्याइतके पाणी असले पाहिजे. तेथील मजुरांनी पातळ पंचा भिजवून डोक्यावरून व कानांवरून घ्यावा, त्यावर ही उचललेली टोपी घालावी व पंचा वाळताच पुन्हा भिजवावा. म्हणजे माठाचा गुण व छपराचा गुण दोन्ही एकत्र मिळतात. कोकणात उलट स्थिती असते. तेथील हवा दमट असल्याने घाम सावकाश उडतो. म्हणूनच भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंशांची मर्यादा धरली आहे, तर किनाऱ्यावर ती ३७ अंशांचीच आहे. तेथे तर हवा खेळती ठेवण्याची गरज अधिकच आहे.

दुसरा आक्षेप असा की, बायका टोपी घालणार नाहीत. इरले घेऊन लावणी करणाऱ्या स्त्रियांनी त्याची लाज धरली नाही. कारण ते काही भूषण नव्हते, कामाचे साधन होते. ही टोपीही त्याच दृष्टीने पाहिली जावी. पदर सोडण्याची गरज नाही. तो कड्याखाली राहू शकतो. आणि निंदणी, वेचणी, काढणी ही उन्हातील कामे मुख्यत्वे स्त्रियाच करीत असल्याने योजनेची खरी गरज त्यांनाच आहे. मालकाच्या घरच्या माणसांनी ती आधी घातली, तर मजुरांचा संकोच आपोआप जाईल.

येथे अतिशयोक्तीचा दोष पत्करावयाचा नाही. शरीराची बहुतेक उष्णता डोक्यावाटे जाते ही समजूत चुकीची आहे. डोके व मान मिळून शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे नऊ टक्केच भाग होतो. तेव्हा टोपी दिली म्हणजे पाणी, सावली व दुपारची सुटी देण्याचे कारण उरले नाही, असे कोणी समजू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ती माणसे कष्टाचे कामही करीत नव्हती, केवळ बसून होती. मग दिवसभर वाकून राबणाऱ्यांची काळजी किती घेतली पाहिजे, याचा विचार प्रत्येकाने करावा. मजूर असंबद्ध बोलू लागला, अडखळला किंवा भोवळ येऊन पडला, तर त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व विलंब न लावता दवाखान्यात पोहोचवावे.

शेवटी मुद्दा कर्तव्याचा. विळा, खुरपे, दोर व पाटी ही शेताची अवजारे असून ती पुरविणे मालकाकडे आहे, हे आपण मान्य करतो. आमच्या मते, उन्हातील कामासाठी हवेशीर टोपीही त्याच यादीत लिहिली पाहिजे. ज्याची रोजी बुडाली तर चूल पेटत नाही, तो मजूर ऊन लागते म्हणून काम सोडून जात नाही. तो सोसत राहतो, आणि त्याच्या सोसण्यास आपण काटकपणा म्हणून मोकळे होतो. हा काटकपणा म्हणजे बहुधा निरुपायच असतो. शेतकऱ्यांच्या संस्थांनी हिवाळा सरण्यापूर्वीच गावच्या बुरुडास एकत्रित मागणी द्यावी. त्यायोगे त्यासही हक्काचे काम मिळेल. प्रत्येकाची टोपी वेगळी असावी व आतील चिंधी धुता येईल अशी असावी. पुढील मार्चमध्ये चाळीच्या फटी मोकळ्या करण्यास मालक निघेल, तेव्हा त्याच हाताने अवजारांच्या खोलीतील टोप्या मोजून बाहेर काढाव्यात, अशी आमची सर्व शेतकरी बंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.