स्क्रिप्ट अडली कुठे?



गेल्या महिन्यात रिंग रोडच्या कापड मार्केटमधल्या एका पेढीचा हिशेब नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं काम माझ्याकडे होतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासूनची बिलं, सुमारे १२ लाख ओळी. रविवारी संध्याकाळी सातला स्क्रिप्ट सुरू केली. तासाभरात गेल्या ७५ हजार. म्हणजे एकूण १६ तास, आणि दुकान सोमवारी दहाला उघडणार!

माझा संशय तारखा बदलणाऱ्या कोडवर. दीड तास तोच सुधारत बसलो. वेग होता तेवढाच. मग आधीच करायला हवं होतं ते केलं : मोजून पाहिलं. सगळ्या ओळी नुसत्या वाचल्या, दोन मिनिटं. वाचून तारखाही बदलल्या, पाच मिनिटं. उरलेला सगळा वेळ लिहिण्यात जात होता.

चूक माझीच. प्रत्येक ओळीनंतर कमिट! कमिट म्हणजे डेटा डिस्कवर पक्का उतरल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिथली डिस्क जुनी, ७२०० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. दर कमिटला फेऱ्याची वाट पाहणं आलंच. गोदामात एकेक साडी न्यायची आणि दर साडीला रजिस्टरवर सही घ्यायची, तसं. गठ्ठा बांधा, एकच सही घ्या.

अर्धवट भरलेला तक्ता रिकामा केला. हजार ओळींमागे एक कमिट ठेवला. रिपोर्टसाठीचे इंडेक्स काढले, ते शेवटी पुन्हा बांधले. नाहीतर दर ओळीला तेही बदलत राहतात. बिल क्रमांकाचा युनिक इंडेक्स मात्र राहू दिला, दुबार बिल शिरायला नको. काम २२ मिनिटांत झालं.

गठ्ठा फार मोठाही करू नये. मध्येच एक ओळ चुकली तर अख्खा गठ्ठा परत फिरतो.

सोमवारी मेहताजींना मी कौतुकाने २२ मिनिटं सांगितली. त्यांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "हिसाब मळ्यो?"

रात्रीच ओळी मोजल्या होत्या, दर वर्षाची बेरीज ताडून पाहिली होती. म्हणून "हो" म्हणता आलं. वेग नंतर, आधी हिशेब जुळला पाहिजे.

तुमची स्क्रिप्ट रेंगाळली तर अंदाज बांधू नका. वाचणं, बदलणं, लिहिणं वेगवेगळं मोजा. भेटू पुढच्या अंकात.