त्याग कोणाचा?

थोरांची चरित्रे लिहिण्याची एक ठरीव रीत आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. नायक घर सोडतो, समुद्र ओलांडतो, परक्या भूमीवर रक्त सांडतो. आणि चरित्रकार लिहून मोकळा होतो, 'त्याने सर्वस्वाचा त्याग केला.' ते सर्वस्व नेमके कोणाच्या मालकीचे होते, हे विचारण्याचा प्रघात नाही. तो प्रघात मोडण्यासाठी आम्ही फ्रान्सच्या मार्की द लाफायेतचे उदाहरण घेतो.

लाफायेतचा पराक्रम खोटा नव्हे. १७७७ च्या एप्रिलमध्ये, राजाची मनाई झुगारून, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जहाजातून तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी निघाला. तेथील काँग्रेसने या एकोणीस वर्षांच्या परदेशी तरुणाला मेजर जनरलचा हुद्दा दिला. त्याने वेतन नाकारले. सप्टेंबरमध्ये ब्रँडीवाइनच्या लढाईत त्याच्या पायात गोळी लागली. व्हॅली फोर्जच्या छावणीतला हालअपेष्टांचा हिवाळा त्याने सैनिकांसोबत सोसला. पुढे १७८१ साली, ज्याला हिंदुस्थानने नंतर गव्हर्नर जनरल म्हणून पाहिले त्या कॉर्नवॉलिसला यॉर्कटाउनमध्ये कोंडण्यात त्याचा मोठा वाटा होता. हे सारे आम्हांस मान्य आहे.

परंतु त्याच्या घरी काय चालले होते? १७७४ साली त्याचा विवाह झाला, तेव्हा वधू आद्रिएन चौदा वर्षांची होती. तो निघाला त्या वेळी ती सतरा वर्षांची, पदरी एक तान्ही मुलगी आणि पोटात दुसरे मूल. तिचा निरोपही न घेता तो गेला. जुलैमध्ये दुसरी मुलगी जन्मली. ऑक्टोबरमध्ये पहिली, ऑन्रिएत, दोन वर्षांचीही न होता वारली. आईने ते दुःख पतीवाचून सोसले. बापाला बातमी कळायला कित्येक महिने लागले.

कोणी म्हणतील, थोर कार्यासाठी संसारावर पाणी सोडावेच लागते. आमचे उत्तर असे की, त्याग स्वतःच्या वस्तूचा करता येतो. धन लाफायेतचे होते, प्राण त्याचा होता. ते त्याने खुशाल द्यावेत. पत्नीचा आधार आणि लेकरांचा बाप या वस्तू त्याच्या एकट्याच्या नव्हत्या. वेदीसमोर त्याने त्या दुसऱ्याला देऊन टाकल्या होत्या. दुसऱ्याच्या ओंजळीतले दान देऊन दाता म्हणवून घेणे, याला आमच्या भाषेत त्याग म्हणत नाहीत.

कोणी त्याच्या कोवळ्या वयाकडे बोट दाखवतील. मग आद्रिएनचे वय कोणते होते?

आता पारडे फिरवून पाहा. १७९२ मध्ये लाफायेत शत्रूच्या हाती पडला आणि अखेर ऑस्ट्रियाच्या ओल्मुट्झ येथील तुरुंगात पोहोचला. इकडे क्रांतीच्या दहशतीत आद्रिएनची आजी, आई आणि बहीण या तिघींना २२ जुलै १७९४ रोजी एकाच दिवशी गिलोटिनवर चढवण्यात आले. ती स्वतःही कैदेतून जेमतेम वाचली. सुटल्यावर ती सुरक्षित स्थळ शोधीत बसली नाही. सम्राटाची परवानगी मिळवून ऑक्टोबर १७९५ मध्ये ती दोन्ही मुलींसह पतीच्या तुरुंगात राहावयास गेली. तेथे ती गंभीर आजारी पडली. उपचारांसाठी बाहेर जायचे तर पुन्हा आत येता येणार नाही, असे तिला बजावण्यात आले. ती गेली नाही. १७९७ च्या सप्टेंबरमध्ये सुटका झाली, पण शरीर कायमचे खचले होते. १८०७ साली, नाताळच्या आदल्या दिवशी, या भाविक स्त्रीने देह ठेवला.

या स्वयंसेविकेला कोणी हुद्दा दिला नव्हता, तिच्यासाठी तोफांची सलामी झडली नव्हती. तिने जे दिले ते मात्र निखळ तिचे स्वतःचे होते.

पॅरिसच्या पिकप्यु दफनभूमीत ती दोघे शेजारी शेजारी विसावली आहेत. गिलोटिनच्या बळींच्या सामूहिक दफनखड्ड्यांजवळची ही भूमी जतन करण्यात आद्रिएनचाच हातभार होता. आज लाफायेतच्या थडग्यावर अमेरिकेचा ध्वज फडकतो. फडको बापडा! आमच्या मुलांना आम्ही लाफायेतची कथा अवश्य सांगू. परंतु ब्रँडीवाइनपाशी थांबणार नाही. ती ओल्मुट्झपर्यंत नेऊ, आणि मगच त्यांना विचारू, 'सांगा, या घरात शूर कोण?'